बोटी बाहेर, खाटा रिकाम्या

डॉक्टरकाकांचं हॉस्पिटल कॅशलेस करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एम.एस्सी. आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला विम्यातलं काय कळतं, हा प्रश्न चौलमध्ये कुणालाच पडला नाही. आमच्याकडे एम.एस्सी. झालेल्या माणसाला गॅसच्या सबसिडीपासून म्हशीच्या तापापर्यंत काहीही विचारतात. खेदाची गोष्ट अशी की मी उत्तरं देते.

डॉक्टरकाका म्हणजे डॉ. हर्षद घरत. माझे ते कुणीही लागत नाहीत, पण चौलपासून रेवदंड्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. दहा खाटांचं हॉस्पिटल, एक ऑपरेशन थिएटर, दोन सिस्टर आणि मागे पोफळीची वाडी. ते सर्जन आहेत, पण इथे सर्जनला बाळंतपणं करावी लागतात, घशातले काटे काढावे लागतात आणि वेळ पडली तर भावाभावांतले वाद मिटवावे लागतात. मी तिथे लॅब सांभाळते. रक्त, लघवी, थुंकी यांच्या पलीकडे मी जायला नको होतं.

मला पलीकडे नेलं नीराबाईने. ही रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकते. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ते काढायला हवेत, हे सोनोग्राफीत स्पष्ट दिसत होतं. तिचा मुलगा ऋत्विक तळोज्याला कंपनीत आहे आणि कंपनीच्या विम्यात आईचंही नाव आहे. म्हणजे ऑपरेशन फुकट. फक्त ते विमा कंपनीच्या यादीतल्या हॉस्पिटलात व्हायला हवं, आणि त्या यादीतलं जवळचं हॉस्पिटल पनवेलला. आधी आपण बिल भरायचं आणि कंपनीकडून मागाहून घ्यायचं, अशीही एक सोय असते. पण आपणच भरायचं तर विमा कशाला काढला, असं नीराबाईचं म्हणणं.

"मी पनवेलला जानार न्हाय," तिने सांगून टाकलं. "ज्यानं माझी तिन्ही पोरा बाहेर काढली, तोच खडं बी काढंल."

काकांनी तिला समजावलं की त्यांचं हॉस्पिटल यादीत नाही. मग यादीत जा, ती म्हणाली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गेल्या काही वर्षांत निम्मे पेशंट कार्ड दाखवून पनवेलला निघून गेले होते आणि यादीत जाण्याचा फॉर्म त्यांनी दोनदा अर्धा भरून सोडला होता. ते इतके थकलेले दिसले की माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते."

तत्त्वतः काम सोपं आहे. विमा कंपनीला खात्री हवी असते की हॉस्पिटल खरं आहे, डॉक्टर खरा आहे, सिस्टर नोंदणीकृत आहेत, कचरा नीट जातो, आग लागली तर विझेल आणि खाटा सांगितल्या तितक्याच आहेत. हे सगळं पोर्टलवर चढवायचं. मग त्यांचा माणूस येऊन डोळ्यांनी बघतो आणि शेवटी दर ठरतात. मी वहीच्या पानावर याचा प्रवाहतक्ता काढला. तो फार सुंदर झाला होता. इतकं सुंदर त्यानंतर काही झालं नाही.

पहिली शंका आली ती पत्त्यावर. अक्षांश-रेखांश टाकायचे होते. लोक दोन दशांश स्थळं टाकून मोकळे होतात. मी सहा टाकली. त्यातलं दुसरंच चुकलं. "आपण दिलेल्या माहितीनुसार आपले रुग्णालय खाडीत आहे. कृपया खुलासा करावा," असं पत्र आलं. मी ते काकांना दाखवलं नाही. सिस्टर भाविकाने मात्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ड्यूटीला येताना लाइफ जॅकेट घालायचं का.

दुसरी शंका विजेच्या बिलावर. बिल अजून काकांच्या वडिलांच्या नावाने येतं, आणि ते जाऊन बराच काळ लोटला. पोर्टलला जागामालकाची सही केलेली संमती हवी होती. मी मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं की दाखला मिळाला, आभारी आहोत, आता संमती जोडावी.

तिसरी शंका फोटोंची, आणि तिला जबाबदार शेजारचा निकेश. निकेशचं होमस्टे आमच्या भिंतीला लागून आहे. पर्यटकांच्या रेटिंगवर जगणारा माणूस, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट चांगल्या फोटोने विकता येते अशी त्याची श्रद्धा आहे. फोटो मी काढतो, तू फक्त बाजूला हो, असं म्हणून त्याने सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळं हॉस्पिटल टिपलं. मला वाटलं, बरं झालं. पुढच्या आठवड्यात विचारणा आली: "ऑपरेशन थिएटरमधील टेबलावर पांढरा पक्षी दिसत आहे. स्पष्टीकरण द्यावे." तो टॉवेल होता. निकेश होमस्टेच्या पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवतो आणि सवयीने त्याने तो आमच्या टेबलावरही बसवला होता. शिवाय फोटोत खाटा आठच भरल्या, कारण दोन त्याच्याकडे होत्या. सुट्ट्यांत पर्यटक जास्त झाले की तो आमच्या खाटा उसन्या नेतो. "तुमच्याकडे कोण असतं आता?" असं त्याचं म्हणणं.

आणि ते खरं होतं. खरी पंचाईत तिथेच होती.

पाचव्या की सहाव्या विचारणेत ती बाहेर आली. मागच्या वर्षाचा खाटांचा हिशोब पाहून पोर्टलने लिहिलं होतं: "जून व जुलैमध्ये वापर शंभर टक्क्यांहून अधिक. इतर महिन्यांत नगण्य. बनावट रुग्णांची शक्यता. खुलासा करावा."

हे वाचून मला पहिल्यांदाच आनंद झाला. इथे विज्ञान होतं. आमचे बहुतेक पेशंट कोळीवाड्यातले. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढून ठेवतात. हर्निया असो, मूळव्याध असो, मोतीबिंदू असो, कोळी माणूस ते सगळं तोपर्यंत अंगावर काढतो. बोट किनाऱ्याला लागल्याशिवाय तो आडवा होत नाही, आणि त्याची बायको तर नाहीच नाही. पण हे नुसतं लिहून कोण मानेल? पुरावा हवा. मी रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यात गेले आणि शेठजींकडे दरमहा किती बर्फ विकला त्याचे आकडे मागितले. मी जीएसटीकडून आले नाही हे पटवण्यात सकाळ गेली. पण आकडे मिळाले, आणि मी आलेख काढला. निळी रेषा बर्फाची, लाल रेषा आमच्या खाटांची. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, आरशात पाहिल्यासारखं. मी तो आलेख रात्री जेवताना आईलाही दाखवला. ती म्हणाली, भाजी गार होतेय.

विमा कंपनीचं उत्तर आलं: "सदर बर्फ रुग्णालयाने कोणत्या उपचारासाठी खरेदी केला, ते कळवावे."

मी बराच वेळ वाडीत फेऱ्या मारल्या. मला एका जागी बसवेना. नीराबाई रोज संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन हॉस्पिटलवरून जायची आणि नुसती भुवई उडवून विचारायची. मी नुसती मान हलवायचे. त्या आठवड्यात दोनदा तिने कुंपणाला धरून उभं राहून कळ जिरवलेली मी लॅबच्या खिडकीतून पाहिली होती. मला पाहिल्यावर ती चपलेत खडा गेल्याचं दाखवायची.

अखेर कळवलं गेलं की कंपनीचे अधिकारी प्रत्यक्ष तपासणीला येतील. तारीख एप्रिलमधली. बोटी समुद्रात, खाटा रिकाम्या. मी नीराबाईला प्रामाणिकपणे परिस्थिती सांगितली: हॉस्पिटल ओस दिसलं तर त्यांना वाटेल, हे फक्त कागदावर चालतं. हे सांगायची काही गरज नव्हती. तिने ऐकून घेतलं आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी आत शिरले तर दहाच्या दहा खाटा भरलेल्या. अर्धा कोळीवाडा आडवा झाला होता. साहेब येणार म्हणून सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसल्या होत्या, गळ्यात सोनं होतं, आणि प्रत्येक मरणासन्न बाईच्या अंबाड्यात अबोलीचा वळेसर होता. निकेशकडून दोन खाटाही परत आल्या होत्या, त्यांवर फुलाफुलांच्या चादरी. काही जणींनी हाताच्या पाठीवर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली होती. ती भाविकाने दिली होती. भाविका माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. कायद्याने गुन्हा आहे, आणि मी एकीचाही केसपेपर लिहिणार नाही.

"फसवनूक कसली गो जागू?" नीराबाई शेवटच्या खाटेवरून म्हणाली. "खाटा रिकाम्या दिसतात म्हनलीस. भरल्या."

एवढ्यात काका आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये भरलेला वॉर्ड पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांना खरं सांगवेना. आडवा माणूस दिसला की काका त्याची नाडी धरतात, हा त्यांचा स्वभावच. त्यांनी पहिल्या खाटेपासून तपासायला सुरुवात केली. दुसऱ्या खाटेवर आवडाबाई, नीराबाईची जाऊ. तिला रक्तदाबाचा पट्टा बांधल्यावर ते गंभीर झाले.

"आवडाबाई, हे फार वाढलंय. आजच गोळी सुरू करू."

"ऱ्हाऊ दे डॉक्टर. बोटी वर घेतल्या का येतंय."

त्याच क्षणी दारात तपासणी अधिकारी उभे राहिले. नाव साहिल, पुण्याहून आलेले, वय माझ्याएवढंच. स्वतः डॉक्टर, पण पेशंटऐवजी हॉस्पिटलं तपासणारे. हातात टॅबलेट. त्यांनी आधी थिएटर पाहिलं, अग्निशामक नळकांडी पाहिली, कचऱ्याचे रंगीत डबे उघडून पाहिले आणि सगळ्याला होकार दिला. माझा जीव थोडा खाली पडला. मग ते वॉर्डात आले, वास घेतला आणि खाटांखाली वाकून पाहिलं. खाटांखाली मासळीच्या पाट्या होत्या. येताना कुणी पाटी घरी ठेवून येत नाही.

त्यांनी केसपेपर मागितले. मी सांगितलं की नाहीत. का नाहीत, असं विचारलं. "त्या आत्ताच आल्या," मी म्हटलं, आणि हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं. मग त्यांनी पहिल्या खाटेवरच्या बाईला काय होतंय ते विचारलं. तिने ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. कुठे, यावर तिने पोटाला हात लावला, थोडा विचार केला आणि गुडघ्यालाही लावला.

बोट आली नसती तर हे कुठवर गेलं असतं सांगता येत नाही. आवडाबाईचा फोन वाजला. तिने तो उशीखालून काढला, ऐकला आणि उठून बसली.

"बोट लागली," ती वॉर्डाला म्हणाली.

बोट ठरल्यापेक्षा लवकर धक्क्याला लागली होती. लिलावाला बाई नसेल तर मासळी दुसऱ्याची. पुढचं सगळं आवाज न करता झालं. पदर खोचले गेले, पाट्या बाहेर आल्या, चुंबळी डोक्यावर चढल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई सर्वांत पुढे होती. दारातून जाताना एकेकीने साहेबांना नमस्कार केला. वॉर्डात नुसत्या चुरगळलेल्या चादरी आणि अबोलीची फुलं उरली.

आणि नीराबाई. ती शेवटच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"मावशी, तुमची बोट नाही आली?" साहिल म्हणाले.

खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं. मग तिच्या मानेवरचा घाम दिसला. काका साहिलना बाजूला सारून पुढे गेले, आणि त्यानंतर त्यांनी कुणाची पदवी विचारली नाही. साहिलना तिचे खांदे धरायला लावले, मला रक्त घ्यायला, भाविकाला इंजेक्शन भरायला. नीराबाईने साहिलच्या बुटांवर उलटी केली. ते हलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. तासाभराने कळ ओसरली आणि तिला झोप लागली.

साहिल बाकावर बसून राहिले. मी सगळं सांगितलं: विमा, पनवेल, बर्फ. बर्फाचा आलेख तुम्हीच पाठवला होता का, असं त्यांनी विचारलं. ऑफिसात तो बराच फिरला म्हणे. कशासाठी फिरला ते मी विचारलं नाही. मग ते उठले आणि धक्क्यावर गेले. ते परतले तेव्हा त्यांच्या पँटीला खवले लागले होते. त्यांनी त्या नऊ जणींना गाठलं होतं. त्यांतल्या सहा जणींना खरोखरच काही ना काही होतं, आणि सहाही जणींनी एकच उत्तर दिलं होतं: बोटी वर आल्या की.

अहवाल त्यांनी माझ्यासमोर लिहिला. तपासणीच्या वेळी रुग्ण : एक, खरा. खाली शिफारस होती की मासेमारीच्या बंदीत पुन्हा तपासणी करावी. एवढ्या सगळ्यानंतर हे फारच सौम्य होतं. पण मला त्याचा अर्थ एवढाच लागला, की नीराबाईला अजून थांबायचंय.

काकांनी तिला स्पष्ट सांगितलं. पुन्हा अशी कळ आली तर तुला न विचारता गाडीत घालून पनवेलला नेईन. तोवर तळलेलं बंद. मे महिनाभर नीराबाई बाजारात ताजे बोंबील विकत बसली आणि घरी दुधी खात राहिली. रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स गेली की मी काचपट्टी ठेवून खिडकीशी जायचे. मी पोर्टल दिवसातून इतक्यांदा उघडायचे की ते मला यंत्र समजून मी माणूस असल्याचा पुरावा मागू लागलं. दिव्याच्या खांबांची चित्रं ओळखण्यात मी दोनदा नापास झाले.

जून लागला. बोटी वर आल्या आणि हॉस्पिटल नेहमीप्रमाणे फुगलं. हर्निया आले, मूळव्याधी आल्या, आवडाबाई रक्तदाब घेऊन आली. दहा खाटा भरल्या, व्हरांड्यात गाद्या पडल्या. सगळ्यांचे केसपेपर माझ्या हातचे, नंबर घातलेले. नीराबाई तेवढी बाहेरच्या बाकावर पिशवी घेऊन बसून राहिली. कागद आल्याशिवाय तिचं नाव लिहिता येत नव्हतं आणि ती घरी जायला तयार नव्हती.

साहिल पुन्हा आले. भरलेला वॉर्ड पाहून त्यांचे डोळे बारीक झाले. चेहरे तेच होते. अबोली नव्हती, पण चेहरे तेच. त्यांनी केसपेपर वाचले, टाके पाहिले, आवडाबाईचा रक्तदाब स्वतः घेतला. तरी त्यांचं समाधान होईना. मग ते वॉर्डाच्या मध्यभागी गेले, घसा साफ केला आणि स्वच्छ पुणेरी मराठीत मोठ्याने म्हणाले, "अहो, रेवदंड्याला बोट आली आहे!"

कुणीही हललं नाही.

साहिलनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि ते टॅबलेटवर लिहू लागले.

ही चाचणी संपूर्णपणे चुकीची होती. बंदीत बोट येतच नाही. खऱ्या पेशंटला उठायचं कारण नव्हतं आणि खोट्या पेशंटलाही नव्हतं. या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नव्हतं. निष्कर्ष बरोबर आणि पद्धत चूक, अशा उत्तराला आमच्या विभागात शून्य मिळायचं. मी तोंड उघडलं. वॉर्डातल्या प्रत्येक उशीवरून माझ्याकडे बघितलं जात होतं. त्या सगळ्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. दारापलीकडे, बाकावर, नीराबाई पिशवी मांडीवर घेऊन छताकडे पाहत होती.

"काही म्हणायचंय का तुम्हाला?" साहिलनी विचारलं.

"चहा घेणार का?" मी म्हटलं.

त्यांनी घेतला. मंजुरी त्या आठवड्याच्या अखेरीस आली. नीराबाईला खाट नव्हती, म्हणून आवडाबाईने आपली दिली आणि स्वतः गादीवर गेली; गोळ्या खाली बसूनही गिळता येतात म्हणाली. ऑपरेशन काकांनी केलं. मी थिएटरबाहेर फेऱ्या मारत होते.

दुपारी नीराबाई शुद्धीवर आली. तिने ओठ ओले करायला पाणी मागितलं, मी कापसाने लावलं. तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता दोन चांगले शब्द ऐकायला मिळतील.

"जागू," ती पुटपुटली, "त्या सायबाला कुनी सांगितला न्हाय काय गो, बंदीत बोट येत न्हाय म्हनून?"

"तुम्ही झोपा," मी म्हटलं.